भूल : एका शब्दाचा आणि हैदराबादच्या क्लोरोफॉर्मचा इतिहास

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी आत्या, वय ब्याऐंशी, घराच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात नेले, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरले. भूल देणारा डॉक्टर तरुण तेलुगू मुलगा होता. त्याने मला इंग्रजीत सगळे नीट सांगितले आणि आत्याकडे वळून हसत 'मत्तु' हा एकच शब्द उच्चारला. उदगीरहून लग्न होऊन हैदराबादेत येऊन साठ वर्षे झाली तरी आत्याचे तेलुगू भाजीबाजारापुरतेच. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आत्या, उद्या तुला भूल देणार आहेत."

ती काही बोलली नाही. रात्रभर जागी राहिली आणि पहाटे मला म्हणाली, "मला ऑपरेशन नको. घरी ने." कारण विचारले तर सांगेना. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "भुलीत जीव गेला तर? आयुष्यभर णमोकार म्हटला तो काय शेवटी विसरून जायला? शुद्धीवर असताना जे व्हायचं ते होऊ दे."

आमच्या घरात मरणापेक्षा बेसावध मरणाची भीती मोठी, हे तुमच्यापैकी जे जैन आहेत त्यांना सांगायला नको. चूक माझी होती. त्या मुलाने मला सांगितले होते ते पाठीच्या मणक्यातल्या इंजेक्शनाबद्दल. त्यात कमरेखालचा भाग बधिर होतो, माणूस पूर्ण जागा असतो. मी ते सगळे 'भूल' या एका शब्दात गुंडाळून तिच्या हाती दिले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, भूल देण्याचा मला ना अधिकार ना अनुभव. पण मराठी तरी मला यायला हवी होती. त्या रात्रीनंतर मी या शब्दाच्या मागे लागलो, आणि मागे लागता लागता आपल्याच शहरात, अफजलगंजला येऊन पोचलो. ती हकीकत तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्द. मराठीत 'भूल' किती ठिकाणी राबते पाहा. हिशेबाच्या कागदाखाली आपले आजोबा 'चू. भू. द्या. घ्या.' लिहीत, तिथे ती नजरचूक. रानात वाट चुकली की भूल पडली, चकवा लागला. कुणाच्या रूपाची भूल पडते, थापांना माणूस भुलतो, लहान मूल खेळण्याने भुलवता येते. दख्खनच्या रस्त्यांवर वाटसरूला धोत्रा चारून लुटणारे होते, तीही भूलच. चूक, विसर, मोह आणि फसवणूक या चार घरची ही लेक ऑपरेशनच्या टेबलाशी आणून उभी केली कुणी, हे सांगता येत नाही. लोकांनीच केली असणार, कारण समितीने घडवलेला शब्द इतका लवकर घराघरात जात नाही. समित्यांचा शब्द 'बधिरीकरण'. वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाट्यांवर तो दिसतो. हिंदीने 'निश्चेतना' घेतला. आपल्या शहरात उर्दूवाले 'बेहोशी की दवा' म्हणतात आणि तेलुगू माणूस 'मत्तु मंदु', म्हणजे गुंगी किंवा नशा आणणारे औषध. एकाच टेबलावर एकाच बाटलीतले औषध घेताना तेलुगू माणसाला नशा येते, उर्दू माणसाचा होश जातो आणि मराठी माणूस विसरतो.

पाश्चात्त्यांचा शब्दही आयता नव्हता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन जाहीर शस्त्रक्रिया घडवून आणली. या अवस्थेला म्हणायचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे डॉक्टर आणि कवीही. त्यांनी २१ नोव्हेंबरला मॉर्टनला पत्र लिहून 'ॲनेस्थेशिया' हे नाव सुचवले. ग्रीकमध्ये 'ऐस्थेसिस' म्हणजे संवेदना. तिचा अभाव तो ॲनेस्थेशिया. शब्द जुनाच होता, त्यांनी तो कामाला लावला. साहित्यसभेच्या वाचकांना एक गंमत सांगतो: सौंदर्यशास्त्राला इंग्रजीत जे 'ईस्थेटिक्स' म्हणतात ते याच धातूपासून आले आहे. त्या न्यायाने कंटाळवाण्या व्याख्यानाने श्रोत्यांवर जे होते त्याला ॲनेस्थेशिया म्हणणे व्युत्पत्तीला धरूनच आहे.

आमच्या कर्मग्रंथांत झोपेचे पाच प्रकार सांगितले आहेत: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. बसल्या बसल्या लागणारी डुलकी वेगळी, चालता चालता लागणारी वेगळी, आणि झोपेतच उठून काम करून पुन्हा झोपणाऱ्याची ती शेवटची. इतके बारीक पाहणाऱ्यांनाही या पाचांत न बसणारी सहावी अवस्था माहीत असण्याचे कारण नव्हते, कारण झोपेतल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भुलीतला उठत नाही.

'हे सारे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणणारे भोजप्रबंधाचा दाखला देतात. राजा भोजाला मोहचूर्ण देऊन त्याची कवटी उघडली अशी कथा त्यात आहे. कथा आहे हे खरे, पण ग्रंथ भोजानंतर काही शतकांनी रचलेला आणि गोष्टींचा. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी मद्य पाजायला सांगितले आहे, ते मात्र वैद्यकातले आणि सरळ आहे. मद्याने वेदना बोथट होते, भूल येत नाही. अभिमान तेवढ्यावर ठेवावा.

आता क्लोरोफॉर्म. १८३१च्या सुमारास अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी या तीन देशांत तिघांनी स्वतंत्रपणे तो तयार केला. १८३४ साली फ्रेंच रसायनज्ञ द्युमा यांनी त्याला नाव दिले. 'क्लोर' म्हणजे क्लोरीन, मुळात ग्रीक भाषेतला हिरवट-पिवळा रंग. 'फॉर्म' आले फॉर्मिक आम्लावरून, आणि ते आले लॅटिनमधल्या मुंगीवरून, कारण ते आम्ल पूर्वी मुंग्या उकळून काढीत. मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती कळल्यावर तो शब्द पूर्वीसारखा उच्चारता येत नाही.

४ नोव्हेंबर १८४७च्या रात्री एडिंबरोत डॉ. जेम्स सिम्प्सन आणि त्यांचे दोन सहकारी कीथ आणि डंकन यांनी जेवणानंतर तो स्वतःच हुंगून पाहिला. तिघेही आडवे झाले. त्यानंतर काही दिवसांतच सिम्प्सन तो बाळंतपणात देऊ लागले. ईथरपेक्षा वास गोड, लवकर लागू पडणारा, आणि पेट न घेणारा. आपल्या देशासाठी आणखी एक गुण महत्त्वाचा होता. ईथर साधारण ३५ अंशांना उकळतो. हैदराबादच्या वैशाखात बाटलीचे बूच काढले की तो रोग्यापर्यंत पोचण्याआधीच उडून जाणार, आणि जवळ दिवा असला तर भडकणार. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मने ईथरला मागे टाकले त्यात उन्हाचा वाटा मोठा.

पण २८ जानेवारी १८४८ रोजी, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगताना मिनिटा-दोन मिनिटांत मरण पावली. ऑपरेशन कसले? पायाच्या बोटाचे नख काढायचे. मुलगी फार घाबरलेली होती, अशी नोंद आहे. हे घाबरणे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या मृत्यूंवरून डॉक्टरांत दोन पक्ष पडले. लंडनचे डॉ. जॉन स्नो, ज्यांनी १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, त्यांचे म्हणणे की वाफ फार दाट झाली तर हृदय बंद पडते. म्हणून वाफ मोजून द्या आणि नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोच्या सर्जन साइम यांच्या परंपरेचे म्हणणे उलट. रुमालावर ओतून द्या, मोजमापाचे कौतुक नको, नाडीकडे बघूही नका. फक्त श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास नीट तर रोगी नीट. याच साइमांचे शिष्य एडवर्ड लॉरी १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होऊन आले.

इथे आपले शहर येते. हैदराबाद मेडिकल स्कूल १८४६ साली, म्हणजे ज्या वर्षी बॉस्टनमध्ये ईथर दिला त्याच वर्षी, सुरू झाले होते. तिथे वैद्यक उर्दूत शिकवीत आणि उत्तीर्ण होणाऱ्याला 'हकीम' ही पदवी मिळे. लॉरी त्या शाळेचे प्रमुख झाले. अफजलगंजचे इस्पितळ त्यांच्या हाताखाली होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सगळे मुलूख तेव्हा निजामाचे, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांचे राज्य हेच. लॉरींचा हात मोठा होता आणि आत्मविश्वास त्याहून मोठा. आपण हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला, एकही दगावला नाही, असे ते सांगत. विलायतेत लोक मरतात ते देणाऱ्याला देता येत नाही म्हणून.

हे सिद्ध करायला १८८८ साली हैदराबादेत पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. प्रयोग कुत्र्यांवर. निष्कर्ष लॉरींना हवा तोच निघाला: आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला तो पटला नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी, वय अवघे तेवीस, एक हजार पौंड देऊ केले: लॅन्सेटने आपला माणूस पाठवावा आणि डोळ्यांनी पाहावे. औषधशास्त्रात मोठे नाव असलेले डॉ. लॉडर ब्रंटन आले. त्यांचे मत तोपर्यंत लॉरींच्या विरुद्ध होते. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि रुस्तुमजी हकीम अशा मंडळींनी १८८९च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दुसऱ्या कमिशनचे काम केले. रक्तदाबाचे आलेख काढणारी यंत्रे लावली, आलेखांचे फोटो घेतले. देशोदेशीचे डॉक्टर ज्या प्रश्नावर भांडत होते त्याचा निकाल मुसीच्या काठी लागणार होता. एका देशी संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून शुद्ध वैद्यकीय संशोधनाला एवढा पैसा दिला, ही गोष्ट आपण हैदराबादकर विसरून गेलो आहोत. चारमिनार आणि हलीम यापलीकडे आपल्याला शहराचे काही सांगता येत नाही.

ब्रंटन यांनी लंडनला तार केली. कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून चारशे नव्वद प्राणी झाले. धोका गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा, थेट हृदयाला काही नाही, असा तिचा आशय होता. विरोधक म्हणून आलेला माणूस लॉरींच्या बाजूला गेला. अहवाल १८९१ साली मुंबईत छापला गेला.

त्या चारशे नव्वदांशी मी थांबलो. तारेत तो आकडा भरभक्कमपणाचा पुरावा म्हणून आला आहे. जो वाचतो त्याने 'वा, किती कसून काम केले' म्हणावे म्हणून. मला तसे म्हणता येईना. अफजलगंजच्या रस्त्यांवरची बेवारस कुत्री धरून आणली, मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला आणि आधी श्वास थांबला की हृदय हे लिहून घेतले. माझ्या आत्याला जे इंजेक्शन मिळाले त्याच्या मागेही कुठेतरी असे प्राणी आहेत, हे मला ठाऊक आहे. मी ते नाकारले नाही, तिलाही नाकारू दिले नाही. आमच्यात वर्षातून एकदा क्षमापना करतात, त्यात सर्व जीव येतात. त्या दिवशी ही कुत्री मला आठवतात, एवढेच सांगतो.

दुखते ते असे की, एवढे करूनही उत्तर चुकीचे होते. आलेख खोटे नव्हते. जनावराला भरपूर, खोल जाईपर्यंत क्लोरोफॉर्म दिला तर श्वासच आधी थांबतो, हे खरे. पण विनलॅटनची मुलगी खोल गेलीच नव्हती, ती सुरुवातीलाच गेली. हैदराबादेत प्रश्न विचारला गेला 'जास्त दिला तर काय होते', आणि माणसे मरत होती ती कमी दिलेला असताना. विलायतेत लगेच शंका निघाल्या, प्रतिप्रयोग झाले. १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये, शरीरात ॲड्रेनलिन वाढले, तर हृदयाचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरू लागतात आणि मृत्यू ओढवतो. ॲड्रेनलिन भीतीने सुटते. घाबरलेल्या रोग्याला हलकी भूल, हाच खरा धोका. त्रेसष्ट वर्षांनी हॅना ग्रीनरचे उत्तर मिळाले. मधल्या काळात लॉरींचे ऐकून नाडी न पाहता क्लोरोफॉर्म देणारे किती होते, याचा हिशेब कोण ठेवणार?

लॉरी मूर्ख नव्हते. श्वासाकडे लक्ष द्या, हनुवटी वर धरा, वाट मोकळी ठेवा, हा त्यांचा उपदेश आजही खरा आहे आणि त्याने असंख्य लोक वाचले असतील. पण एकदा पटले की न हलणारा हा माणूस. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस मलेरियाच्या मागे होते तेव्हा, मलेरियाचा जंतू म्हणून काही असतो हेच लॉरींना मान्य नव्हते. १८९७च्या ऑगस्टमध्ये रॉसना डासाच्या पोटात तो सापडला. एका शहरात, एका दशकाच्या आत, एक चूक आणि एक शोध, आणि दोन्ही ठिकाणी हेच गृहस्थ.

त्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका पारशी बाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रूपाबाई फर्दुनजी. लॉरींच्याच काळात त्या तिथे शिकल्या, हकीम झाल्या आणि इथल्या इस्पितळांत क्लोरोफॉर्म देण्यात वाकबगार झाल्या. पुढे १९०९ साली शिक्षणासाठी एडिंबरोलाही गेल्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. पडद्यातल्या स्त्रीला ऑपरेशनच्या वेळी अनोळखी पुरुषाच्या हातून शुद्ध गमवावी लागू नये, याचे मोल त्या काळच्या बायकांना विचारायला हवे होते.

अफजलगंजचे ते इस्पितळ १९०८च्या मुसीच्या पुरात गेले. नंतर तिथे उस्मानिया इस्पितळ उभे राहिले. क्लोरोफॉर्म मात्र लगेच गेला नाही. १९५६च्या सुमारास हॅलोथेन आल्यावर तो मागे पडला. आज तो शिल्लक आहे प्रयोगशाळेत आणि सिनेमात. खलनायक रुमाल नाकाशी धरतो आणि नायिका दोन सेकंदांत मान टाकते, ते खोटे आहे. भूल यायला काही मिनिटे लागतात आणि तोवर माणूस जोरात झटापट करतो. आपल्या सिनेमातली नायिका सिम्प्सनपेक्षाही लवकर आडवी होते.

आता आत्याचा प्रश्न. क्लोरोफॉर्मच्या काळात भूल म्हणजे एकच गोष्ट होती: सगळेच एकदम जायचे, वेदना, शुद्ध, हालचाल, स्मृती. त्या काळाला 'भूल' शब्द चपखल होता. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने फक्त डोळा बधिर केला आणि १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी मणक्यात कोकेन सोडून कमरेखालचे अंग बधिर केले. तेव्हापासून वेदना काढून शुद्ध ठेवता येऊ लागली. त्या अवस्थेला 'भूल' म्हणणे म्हणजे जागत्या माणसाला झोपलेला म्हणणे. 'बधिरीकरण' हा शब्द मला आधी रूक्ष वाटे, आणि बहिऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असेही वाटे. पण मणक्यातल्या इंजेक्शनाला तोच शब्द नेमका आहे. लोकांनी आपली सोय 'पूर्ण भूल', 'कमरेखालची भूल', 'जागेवरची भूल' अशी करून घेतली आहे, तीही चालेल. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी यातली कोणती, एवढे तुम्ही विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. आणि आदल्या रात्रीपासून काही खाऊ-पिऊ नका म्हणतात तेव्हा चहाचा घोटसुद्धा लपवून घेऊ नका. पूर्ण भुलीत पोटातले वर येऊन श्वासनळीत गेले तर जिवावर बेतते. आमच्या आत्याला चौविहाराची सवय, त्यामुळे तिला हे सांगावे लागले नाही.

त्या पहाटे मी तिच्या उशाशी बसून तिला म्हणालो, "आत्या, मी चुकीचं सांगितलं. भूल नाही देणार. पाय बधिर करणार, जसा मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येऊन बधिर होतो तसा. तू जागी असशील." तिने दोनदा विचारले, "जागी? नक्की?" मग हो म्हणाली.

दुपारी तिला बाहेर आणले. ओठ अजून हलत होते. पायाची बोटे हलायला दोन-तीन तास लागले. तोवर ती ती बोटे दुसऱ्या कुणाची असल्यासारखी बघत राहिली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "माझ्या डोक्याशी तो कालचा मुलगा बसला होता बघ. कापणारे तिकडं कापत होते, आणि हा सारखा माझ्याकडंच बघत होता. बोटाला चिमटा लावला होता, त्या पेटीतून टिंग टिंग वाजत होतं. मी णमोकार म्हणत होते तर हा मधेच विचारी, अम्मा, श्वास बरोबर येतोय ना? तो काय करत होता रे?"

मी म्हणालो, "एका हाताने तुझी नाडी बघत होता, आत्या, आणि डोळ्यांनी श्वास."

"दोन्ही?"

"दोन्ही."